पटाईताचं पातं

मागच्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तो खांद्याला एक लांबट पिशवी अडकवून. मला वाटलं, कुणाचा तरी तंबोरा दुरुस्तीला मिरजेला नेत असेल. पिशवी उघडली तर आत गोल्फच्या काठ्या. पोराला कारखान्यातल्या साहेबलोकांच्या नादानं दोन वर्षांपूर्वी गोल्फचं वेड लागलंय. त्यानं जुन्या बाजारातून एक संच मिळवला होता आणि तो दाखवायला खास माझ्याकडं आणला होता. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण पोरगा म्हणाला, "मामू, हे ओतीव नाही, घडीव आहे. फोर्ज्ड ब्लेड. नानांनी जन्मभर पाती पारखली. तुम्ही सांगा, मी घेतलं ते बरोबर केलं का?"

आम्ही शिकलगार. फारसीत ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली चकाकी आणि ती आणणारा तो सैकलगर. मराठीनं त्याचा शिकलगार केला. सुफी कवींनी काळजाच्या आरशाला सैकल करायला सांगितलं, कारण त्या काळी आरसेही धातूचे असत आणि ते घासावे लागत. माझ्या वाट्याला कवितेचं सैकल आलं. अब्बांच्या वाट्याला मात्र खरंखुरं आलं होतं. सान, तेल, कुरुंद आणि पोलाद. त्यांच्या वेळेपर्यंत त्यात तलवारी थोड्या आणि ऊसतोडीचे कोयते, सुऱ्या, कात्र्याच जास्त उरल्या होत्या. ब्रिटिश मुलखात १८५७ नंतर आणि पुढं १८७८च्या हत्यार कायद्यानंतर हत्यारं घराघरांतून गेली, तसा या धंद्याचा जीवही गेला. कोल्हापूर संस्थान होतं. दसऱ्याची स्वारी होती, तालमी होत्या, मर्दानी खेळ होता. म्हणून इथं तो धुगधुगी धरून राहिला.

भाच्यानं माझ्या हातात दिलेला सात नंबरचा आयर्न मी पाहत राहिलो. तळहाताएवढाही नसलेला तो पोलादी मुखडा. मागची बाजू जवळजवळ सपाट, खालच्या अंगाला थोडा फुगीर. वरची कड बारीक. फुकट कुठं नक्षी नाही. मी सवयीनं नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरला. पोरगा हसला. म्हणाला, "नाना असंच करायचे."

गोल्फचं हे लोखंडही मुळात लोहाराच्या भट्टीतलंच. स्कॉटलंडात एकोणिसाव्या शतकात गावचे लोहार तापवून, ठोकून ही टोकं घडवत. सेंट अँड्रूज गावी टॉम स्टुअर्ट म्हणून एक कारागीर होता. त्यानं १८९३ मध्ये आपली भट्टी घातली. त्याच्या मालावर चिलमीच्या आकाराचा शिक्का असे. गंमत अशी, की पुष्कळ उस्ताद खेळाडू टोक स्टुअर्टकडून घेत, त्याला दांडा आपला बसवत आणि वर नाव आपलं ठोकून विकत. चिलमीचा शिक्का तेवढा कोपऱ्यात राही. ही हकिकत भाच्यानं मला सांगितली तेव्हा मी उडालोच. कारण नेमकी हीच गोष्ट आपल्या मराठ्यांच्या तलवारीची आहे. त्यावर पुढं येतो.

आधी ओतीव आणि घडीव यांचा झगडा. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. आपलं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ही ओतकामाची गावं. वाळूचा साचा, भट्टी, वितळलेला रस आणि सकाळी उघडला की इंजिनाचा भाग तयार. पुण्यात १९६१ साली भारत फोर्ज निघाली, ती ठोकून घडवण्यासाठी. तापलेला पोलादाचा ठोकळा साच्यात दाबायचा, की गाडीचा क्रँकशाफ्ट होतो. कोल्हापूर ओततं, पुणं घडवतं, असं आमच्याकडं गमतीनं म्हणता येईल. गोल्फमध्ये ओतकाम शिरलं ते १९६०च्या दशकात. कार्स्टन सोल्हाइम नावाचा, नॉर्वेत जन्मलेला एक अमेरिकन इंजिनिअर. त्यानं टोकाच्या मागचं पोलाद मधून काढून कडेला नेलं. मागं खळगा आला. मेणाचा नमुना वितळवून ओतायच्या पद्धतीनं असा गुंतागुंतीचा आकार सहज निघतो. वजन कडेला गेल्यामुळं चेंडू मधोमध न लागता बोटभर इकडं-तिकडं लागला, तरी टोक हातात फार पिळत नाही. चेंडू बरा जातो. नवशिक्याला हे वरदान. जगातले बहुतेक हौशी खेळाडू आज तसलेच खेळतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

घडीव ब्लेडचा स्वभाव उलटा. पोलाद मऊ, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. वजन मुखड्याच्या मधल्या एका ठिपक्यामागं गोळा झालेलं. त्या ठिपक्यावर चेंडू लागला तर हाताला काही कळतच नाही, लोण्यात सुरी गेल्यासारखं, असं भाचा म्हणतो. चुकला तर चेंडू पंधरा-वीस पावलं अलीकडं पडतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. मग हे घ्यायचं कशाला? तर चेंडू डावीकडं वळवायचा, उजवीकडं वळवायचा, वाऱ्याखालून खुजा न्यायचा, हे सगळं या पात्यावर हाताच्या हुकमानं होतं. आणि चूक झाली की ती चूक कुठं झाली, हे ते लपवून ठेवत नाही. अमेरिकेचा बेन होगन हा या कलेतला उस्ताद. १९५०च्या यू. एस. ओपनमध्ये मेरियनच्या मैदानावर शेवटच्या होलवर त्यानं एक नंबरच्या आयर्ननं मारलेला फटका आणि त्याचा फोटो अजून गोल्फवाल्यांच्या भिंतीवर असतो. ती काठी चोरीला गेली होती. पुष्कळ वर्षांनी, १९८३ मध्ये, ती सापडली, तेव्हा मुखड्याच्या मधोमध छोट्या नाण्याएवढीच जागा झिजलेली होती. बाकीचं पोलाद कोरं. ओळख पटायला तेवढं पुरलं.

आता आपल्याकडं येतो. ‘पटाईत’ हा शब्द आपण रोज वापरतो. स्वयंपाकात पटाईत, थापा मारण्यात पटाईत. हा शब्द आला पट्ट्यावरून. पट्टा चालवणारा तो पटाईत. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या सैद बंडाची ओळख पटाईत म्हणूनच येते. त्याला ज्यानं रोखलं त्या जिवा महालाजवळ पट्टा, फिरंग आणि ढाल होती, असं तीच बखर सांगते. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण दोन्ही बाजूंना पट्ट्याचे उस्ताद उभे होते, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. महाराष्ट्र शासनानं २०२४च्या फेब्रुवारीत दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला आमच्या गल्लीतले जुने वस्ताद आठवले. ते हयात असते तर त्यांनी पेढे वाटले असते आणि मग विचारलं असतं, "पण पातं कुठलं वापरणार?"

पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराच्या खालपर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच. आतली आडवी पकड मुठीत धरायची. मनगट त्यात बंद होतं. तलवार मनगटावर खेळते, पट्टा मनगटावर खेळत नाही. तो खांद्यातून, कमरेतून, पायातून खेळतो. पातं लांब, सरळ आणि लवचिक. अंग वळलं की ते वळतं आणि अंग चुकलं की तेही चुकतं, बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्याच पोटरीवर. म्हणून तालमीत पहिल्या दिवशी पोराच्या हातात पट्टा कुणी देत नसे. आधी लाठी, मग फरीगदगा, मग बोथट पातं. धारेचं पातं सगळ्यात शेवटी. जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवरचं लिंबू पट्ट्यानं कापलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. लिंबाच्या दोन फोडी होतात आणि खालच्या सदऱ्याला रस लागतो. बस, तेवढंच.

अब्बा पट्ट्याचं पातं कसं निवडत, ते मला अजून दिसतं. आधी म्यानातून नुसतं काढून ठेवायचे. मग एक डोळा मिटून पाठीच्या रेषेवरून नजर टाकायचे, बंदुकीचा नेम धरतात तशी. पीळ असेल तर तिथंच दिसतो. मग नखाची टिचकी आणि कान. तडा असलेलं पातं बद्द बोलतं. मग टोक लाकडी पाटावर टेकवून हळू दाबायचे. पातं धनुष्यासारखं वाकलं पाहिजे आणि सोडलं की सरळ झालं पाहिजे. वाकून राहिलं तर पाणी कमी. वाकायलाच तयार नसेल तर पाणी जास्त, ते कधीतरी मोडणार. हे झालं पात्याचं. त्यानंतर ते समोरच्या माणसाकडं पाहायचे. त्याचा हात लांब की आखूड, खांदा कसा, पाय कुठं टाकतो. एकदा एक पैलवान आला. मुंबईला पैसा करून आलेला. म्हणाला, तुमच्याकडचं सगळ्यात भारी पातं द्या. अब्बांनी त्याला दारातच दोन हात करून दाखवायला सांगितलं आणि मग म्हणाले, "सहा महिने फरीगदगा खेळून या. पातं कुठं जात नाही." गिऱ्हाईक गेलं. आईनं त्या दिवशी चुलीवर भांडी जरा जोरात आपटली. घरात त्या आठवड्यात पैशाची ओढ होती आणि मला पुस्तकं घ्यायची होती. मी तेव्हा अब्बांवर रागावलो होतो, हे आज कबूल करतो.

आता ते शिक्क्याचं. आपल्या थोरामोठ्यांच्या तलवारींची पाती पुष्कळदा युरोपात घडलेली आहेत. ‘फिरंग’ हा शब्दच ते सांगतो. फ्रँक लोकांवरून फिरंगी, म्हणजे परदेशी, आणि तिकडून आलेल्या पात्याची ती फिरंग. जर्मनीतल्या झोलिंगेनची, स्पेनची, इटलीची पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्याला उतरत. इथला कारागीर त्यांना इथल्या पद्धतीची मूठ बसवी. तलवारीला हाताचं माप इथलं, तोल इथला, परज इथला. आपल्या दख्खनमध्ये पोलाद नव्हतं असं नाही. उलट आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमच्या मुशीतल्या पोलादाच्या वड्या घ्यायला इराणचे व्यापारी येत. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. ते आधी मुशीत वितळवलेलं आणि मग मंद आचेवर घडवलेलं, म्हणजे ओतीव आणि घडीव दोन्ही. त्याच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी जौहर दिसे आणि धार अशी, की विचारू नका. पण ते ताठ. फार लांब, सरळ, वाकून परत येणारं पातं हवं असेल, भोसकायलाही आणि छाटायलाही, तर फिरंग सरस पडे. ज्यांना घोड्यावरून लढायचं होतं त्यांनी कामाला काय उपयोगी, ते पाहिलं. गोवळेकर सावंतांकडची फिरंग शिवाजी महाराजांनी तीनशे होन देऊन घेतल्याचं इतिहासकार सांगतात. तीनशे होन! नुसत्या शोभेच्या वस्तूला कुणी एवढे मोजत नाही.

आमच्या कोल्हापूरच्या जिव्हाळ्याची एक तलवार आज लंडनला आहे. १८७५ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला, तेव्हा करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज जेमतेम बारा वर्षांचे होते. त्या पोरवयाच्या राजाकडून ती तलवार भेट म्हणून गेली. पुढं त्या राजाचं काय झालं, हे कोल्हापूर विसरलेलं नाही. १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यात, विशीत त्यांचा अंत झाला. त्या तलवारीला आपण जगदंबा म्हणतो. तिचं पातं सरळ, एकधारी, दोन्ही अंगांना दोन-दोन नळ, आणि त्यात तीनदा ‘आय एच एस’ ही अक्षरं ठोकलेली. ही येशूच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं. युरोपातल्या कुणा लोहारानं आपल्या श्रद्धेनं ठोकलेली खूण आणि वर हिरे-माणकांची मराठी मूठ. हे ऐकून काही माणसं हिरमुसतात. माझ्या एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ जवळजवळ भांडायलाच आले होते. "म्हणजे महाराजांची तलवार परकी म्हणता?" मी म्हटलं, "साहेब, पातं तिकडचं. तलवार महाराजांची."

ताजं उदाहरण घ्या. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय. पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत मालकाचं नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि शेवटी फिरंग हा शब्द. बघा, मालकाला लपवायचं काही नव्हतं. आपल्याच नावाशेजारी त्यानं ‘फिरंग’ अभिमानानं कोरून घेतलं. सेंट अँड्रूजच्या चिलमीशेजारी कोरलेल्या नावांसारखंच हे झालं.

पण जिथं नाव चालतं तिथं नकलाही चालतात. जिनोआच्या पात्यांवर दातेरी कोयत्यासारख्या दोन चंद्रकोरी असत. पाती चांगली, म्हणून ती खूण आपल्याकडच्या कारागिरांनीही ठोकायला सुरुवात केली. आजोबा सांगत, खुणेवर जाऊ नका. खूण ठोकायला एक छिन्नी पुरते. आजही तेच. भाच्याच्या बाजारात ‘फोर्ज्ड’ हा शब्द आता अशाही टोकांवर असतो जी आतून पोकळ आहेत, मागून खळग्याची आहेत, मुखडा वेगळा जोडलेला आहे. वाईट नाहीत ती. पण घडीव म्हणजे ब्लेडच, असं उरलेलं नाही. आकड्यांचीही गंमत आहे. जुन्या ब्लेडच्या सात नंबरचा मुखडा ३४ अंशांच्या आसपास कललेला असतो. नव्या हौशी संचातला सात नंबर २८-२९ अंशांचा. नंबर तोच, पण कल कमी, म्हणून चेंडू लांब जातो आणि माणूस म्हणतो, वा, माझी ताकद वाढली! आमच्या बाजारात असला विक्रेता असता तर अब्बांनी त्याला पायरी चढू दिली नसती.

मीही एकदा फसलो आहे. तालमीच्या पोरांसाठी वर्गणी काढून मी एका दुकानातून चार पट्टे आणले. लखलखीत. दुकानदार घडीव म्हणाला आणि मी, शिकलगाराचा बी. ए. झालेला मुलगा, चकाकीला भुललो. ते पत्र्यातून कापलेले निघाले. दुसऱ्याच सरावात एक पातं वाकलं ते वाकलंच. मुठीजवळचा सांधा सुटून दुसरं सणसणत गेलं आणि एका बारा वर्षांच्या मुलीच्या कानाशेजारून गेलं. तिला काही झालं नाही. ती हसली सुद्धा. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. टिचकी मारून कानाशी धरायला मला किती वेळ लागला असता?

तर भाच्याला मी काय सांगितलं? त्याचा हँडिकॅप १६. म्हणजे अठरा होलच्या डावात उस्तादापेक्षा साधारण सोळा फटके जास्त. ब्लेड ही एक आकडी हँडिकॅपवाल्यांची चीज, असं त्याचे जाणकार म्हणतात. मी त्याला म्हटलं, होगनसारखं कर. मुखड्यावर चिकटपट्टी लाव, शंभर चेंडू मार आणि खुणा बघ. त्या एका जागी दाटल्या असतील तर हे पातं तुझं. मुखडाभर पसरल्या असतील तर अजून फरीगदगा. दुसरं, टोकाआधी दांडा बघ. तुझ्या उंचीला, तुझ्या फिरकीच्या वेगाला तो जुळतो का? मूठ जुळली नाही तर झोलिंगेनचं पातंही वाया. मऊ घडीव पोलादाचा एक फायदा खरा, कारागीर ते अंश-दोन अंश वाकवून तुझ्या उभं राहण्याशी जुळवून देऊ शकतो. ओतलेलं कडक पोलाद तेवढं ऐकत नाही. तिसरं, सगळा संच एकाच जातीचा कशाला? पिशवीत चौदा काठ्या ठेवायची मुभा आहे. आखूड, जास्त कलाच्या काठ्या ब्लेडच्या ठेव, लांब पल्ल्याच्या खळग्याच्या ठेव. जिवा महालाजवळही पट्टा होता आणि फिरंगही होती.

तो जरा खट्टू झाला. मग त्यानंच मला जपानची गोष्ट सांगितली. ह्योगो प्रांतात, हिमेजीजवळ इचिकावा नावाच्या गावात मिउरांचा कारखाना आहे. कात्सुहिरो मिउरा या कारागिराच्या हातचे घडीव आयर्न जगभरचे नामवंत खेळाडू नावाजतात. मी विचारलं, "तिथला मुलगा काय करतो?" म्हणाला, "मुलंही तेच काम करतात." मी गप्प बसलो. आमच्या सानेवर आता प्लास्टिकचं पिंप ठेवलेलं असतं.

जाताना त्यानं तो सात नंबर माझ्याकडून तेलाच्या फडक्यानं पुसून घेतला आणि बाकीचा संच घेऊन गेला. परवा रात्री त्याचा फोन आला.

"मामू, पट्टी लावून मारले. आज दहातले तीन बरोबर मधे लागले."

"आणि सात?"

"हात अजून झिणझिणतोय."

"मग विकणार का?"

"नाही. खंडेनवमीला तुमच्याकडं पूजेला घेऊन येतो. तोपर्यंत खळग्याचाच संच खेळतो."